ग्लाफिराला किती मार्क?

पोक्रोवचा सण ऑक्टोबरच्या चौदा तारखेला येतो आणि त्या दिवशी रिम्मा पावलोव्नाच्या घरी बागेचा निकाल लागतो. सदतीस वर्षे लागतो आहे. रिम्मा प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. नोकरी संपली तरी मार्क द्यायची खोड काही गेली नाही. किनेश्मा गावाबाहेर त्यांचा सहा गुंठ्यांचा दाचा आहे. त्यात एक लाकडी खोली, बाकी सगळे वाफे. हंगाम संपला की ती जाड निळी वही काढायची आणि शाळेतल्यासारखे प्रत्येक भाजीला पाचपैकी मार्क द्यायची. पाच म्हणजे उत्तम, दोन म्हणजे नापास. एका वर्षी कोबीला तिने दोन दिले आणि शेरा लिहिला, ‘आळशी आहे, नुसती पाने वाढवते.’

नवरा गेन्नादी, तिचा गेना, समोर बसून चहा प्यायचा आणि हसायचा. तो कापडगिरणीतला निवृत्त फिटर. बागेत त्याचे काम खणायचे, पाणी ओढायचे आणि सांगितलेली वस्तू सांगितल्या जागी नेऊन ठेवायचे. यंदा मात्र त्याला हसू येत नव्हते, कारण यंदाची परीक्षा त्याचीच होती.

झाले असे, की एप्रिलमध्ये रिम्मा घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, काठी घेऊन ती घरात हिंडू-फिरू लागली. पण घर पाचव्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. खिडकीत रोपे तयार उभी होती. ती घेऊन गेन्नादी एकटाच बसने दाच्यावर गेला आणि पुढे सगळा उन्हाळा फोनवरून हुकूम ऐकत बागकाम करत राहिला. रोज संध्याकाळी तिकडून प्रश्न यायचा, “कसं चाललंय?” आणि इकडून उत्तर जायचे, “झकास!”

दाच्यांच्या त्या वस्तीत बियाण्याला दुकानातले नाव नसते. ज्याने बी दिले त्याचे नाव त्या भाजीला. लसूण ‘लिदिया’, कारण शेजारच्या लिदिया सेम्योनोव्नाने पाकळ्या दिलेल्या. बीट ‘स्टेशनमास्तर’. शेपू तर एका बस कंडक्टरच्या नावाने वाढतो. तो बिचारा कधीचाच बदली होऊन गेला. गेन्नादीच्या नावाचे मात्र तिथे काहीच नव्हते. तीसेक वर्षे खणून झाल्यावर त्याने एकदा विचारले होते, तेव्हा रिम्मा म्हणाली, “आहे की. तण.”

आणि टोमॅटो होता ‘ग्लाफिरा’. ग्लाफिरा म्हणजे रिम्माची आई. युद्धानंतर ती या गावात आली तेव्हा कोटाच्या अस्तरात बी शिवून घेऊन आली होती. गुलाबी टोमॅटो, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा, एकेक हातात मावायचा नाही. रिम्मा सगळे वाटायची, पण ग्लाफिराचे बी कोणाला देत नसे. लिदियाने दोनदा मागितले आणि दोनदा हात हलवत परत गेली. मिरवायला काहीतरी फक्त आपल्याकडे असावे एवढी हौस रिम्माला होती, आणि ती मला तरी क्षम्य वाटते. दरवर्षी चांगली दोन फळे निवडून त्यांच्या देठांना लाल दोरा बांधायचा. ती पिकली की त्यांचे बी पुढच्या वर्षासाठी. यंदाच्या मार्चमध्ये तिची पहिली रोपे कोलमडली होती, म्हणून पुडीतले उरलेसुरले सगळे बी तिने पेरून टाकले होते. घरात आता एक दाणा नव्हता.

तर पोक्रोवच्या दिवशी सकाळी टेबलावर निळी वही आली. इमारतीचे हीटर अजून सुरू झाले नव्हते. रिम्मा अंगावर दोन स्वेटर चढवून बसली होती आणि गेन्नादीला थंडीतही घाम फुटला होता.

“बटाटे?”

“अकरा पोती.”

“पाच. झुकिनी?”

“विचारू नकोस. लिदिया आता मला बघितलं की दार लावून घेते. दारात ठेवून आलो, तर तिने रात्रीतून माझ्याच पायरीवर परत आणून ठेवल्या.”

रिम्मा हसली. “पाच. झुकिनीला पाच, तुला नाही. गाजर?”

“गाजर... मध्यम.”

“गेना.”

“बरं. गाजर उपटलं मी. कोवळं होतं, मला वाटलं तण आहे. जे ठेवलं ते तण निघालं. महिनाभर पाणी घातलं त्याला.”

“लिदियाने जूनमध्येच सांगितलं मला. म्हणाली, रिम्मा पावलोव्ना, तुमच्या यजमानांनी गवताची काय सुंदर ओळ धरलीय! दोन. काकडी?”

“काकड्या तर तू खाल्ल्यास! दर रविवारी आणत होतो.”

“खाल्ल्या. आपली काकडी काटेरी. तू आणायचास ती गुळगुळीत, बाजारातली. रानचेरी फुलली की थंडी पुन्हा एकदा येते, हे दरवर्षी ओरडून सांगते मी. त्याच आठवड्यात रोपं बाहेर लावलीस ना?”

“लावली.” गेन्नादीने मान खाली घातली. “मग बोलली का नाहीस?”

“पाच मजले चढून काकड्या आणणाऱ्या माणसाला काय बोलायचं?” तिने दोनचा आकडा काढला, जरा लहानसा. मग पान उलटले. “ग्लाफिरा?”

गेले पाच आठवडे गेन्नादी याच प्रश्नाची वाट बघत होता. खोटे बोलावे म्हटले, तर बी कुठून दाखवणार? दुकानातले दाणे पुडीत भरायचा विचारही त्याच्या मनात येऊन गेला होता आणि त्याची त्यालाच लाज वाटली होती.

“रिम्मा, ग्लाफिरा गेली,” तो म्हणाला.

तिने पेन्सिल खाली ठेवली.

“यंदा फळं उशिरा धरली हे तुला ठाऊकच आहे, एकही पिकलं नव्हतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला. चार दिवस थांबला नाही. पाचव्या दिवशी पानांवर काळे डाग. करपा. संध्याकाळपर्यंत निम्मी झाडं काळी पडली. मी घाबरलो. कच्चे, हिरवे, होते तेवढे सगळे ओरबाडले. लाल दोऱ्याचेसुद्धा. लिदिया आली, आम्ही लसूण-शेपू घालून बरण्या भरल्या. चौदा बरण्या. सगळ्याचं लोणचं झालं, रिम्मा. दोऱ्याचे दोन बाजूला काढायचे हे डोक्यातच आलं नाही. आलं तेव्हा बरण्या बंद झाल्या होत्या.”

“मी रोज विचारत होते. दोऱ्याचे कसे आहेत म्हणून.”

“हो.”

“झकास म्हणत होतास.”

“हो.”

ती ओरडली असती तर त्याला बरे वाटले असते. तिने फक्त वही मिटली आणि खिडकीकडे बघत बसली. त्या खिडकीत दर मार्चमध्ये ग्लाफिराची रोपे उभी असायची. आईचा फोटो घरात एकच होता, तोही पुसट. आईची चव मात्र दर ऑगस्टमध्ये ताटात यायची.

“मग तो दाचा तरी कशाला ठेवायचा?” ती म्हणाली. “बटाटे काय, कुठेही मिळतात.”

गेन्नादी, एवढा धट्टाकट्टा माणूस, चाळीस वर्षे यंत्रे दुरुस्त केलेला, हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

“माझे लोकरीचे बूट काढ,” ती म्हणाली. “पाय गार पडलेत.”

काम मिळाले म्हणून तो चटकन उठला. बूट पॅसेजमधल्या माळ्यावर होते, गुडघ्यापर्यंतचे, जाड लोकरीचे. तो स्टुलावर चढला. पहिला बूट ओढला तर तो जड लागला. आत कागदाचा चोळामोळा होता आणि नाकाला कुजका वास आला. तेव्हा कुठे त्याला आठवले.

बरण्या भरून झाल्यावर बादलीच्या तळाशी थोडे टोमॅटो उरले होते. ते त्याने घरी आणले होते. रिम्मा झोपली होती. आणि सदतीस वर्षे दर शरदात जे काम त्याच्याकडे होते, तेच त्याने केले होते: हिरवे टोमॅटो कागदात गुंडाळायचे, अंधारात पिकायला लोकरीच्या बुटांत भरायचे, बूट माळ्यावर. हातांनी आपले आपण केले होते. डोके तेव्हा फक्त रिम्माला काय सांगायचे या चिंतेत होते.

पहिल्या बुटातले सगळे सडले होते. दुसऱ्यातले दोन हातात घेताच फुटले. तिसरा टोमॅटो घट्ट होता. त्याने कागद सोडला. गुलाबी, बदामासारखा, एक कूस काळी पडलेली. देठाला लाल दोरा.

“रिम्मा!” तो स्टुलावरूनच ओरडला. “रिम्मा, बाहेर येऊ नकोस, पडशील! मीच येतो!”

तिने तो टोमॅटो दोन्ही हातांत धरला, वास घेतला आणि मग रडली. गेन्नादीही रडला, पण स्टूल जागेवर ठेवायच्या निमित्ताने पॅसेजमध्ये जाऊन.

काळी कूस कापून टाकली. चांगल्या भागातले बी चमच्याने काढून, धुऊन, वर्तमानपत्रावर पसरले. पेन्सिलीच्या टोकाने ती एकेक दाणा वेगळा करत होती.

“एकेचाळीस,” ती म्हणाली. “वाळले की दोन पुड्या करू. एक आपली. एक लिदियाला नेऊन दे.”

“लिदियाला? ग्लाफिरा?”

“एकाच घरात कोंडून ठेवली होती मी. बघितलंस ना काय झालं असतं ते.”

तिने वही पुन्हा उघडली. ग्लाफिरापुढे पाच लिहिले. मग मागच्या कोऱ्या पानाचे दोन तुकडे फाडले, दोन पुड्यांसाठी, आणि शाळेतल्या गोल अक्षरात एकावर लिहिले, ‘ग्लाफिरा’. दुसरा तुकडा लिहून तिने गेन्नादीपुढे सरकवला. त्याने चष्मा लावला. त्यावर लिहिले होते, ‘गेना’.

“हे काय?”

“लिदियाला कोण देणार?”

“मी.”

“मग?” रिम्मा म्हणाली आणि त्याने पुसून आणलेल्या बुटांत गार पाय घातले. “ज्याने दिलं त्याचं नाव.”