बैठकीतली राणी आणि डब्यातली दुसरी

कोराडीच्या वीज कॉलनीत पांढरा शर्ट दोनच प्रकारची माणसं घालत. एक, नुकतीच बदली होऊन आलेली आणि दुसरी, स्वतःच्या घरचं धुणं कधी न पाहिलेली. चिमणीची राख कपड्यांवर पडायची, तुळशीवर पडायची, वाळत घातलेल्या पापडांवर पडायची. लहानमोठा असा भेद तिनं कधी केला नाही. स्टोअरमध्ये बाबू असलेले देवराव डाखोळे शहाणे निघाले. पहिल्याच वर्षी त्यांनी राखाडी शर्ट शिवून घेतले आणि तेव्हापासून ते कुणाला दिसेनासे झाले.

हे मात्र त्यांना सलत होतं. समोरच्या ब्लॉकातल्या वामनरावांकडे पोपट होता. तो शिव्या द्यायचा, आणि त्या ऐकायला सभ्य माणसं मुद्दाम वाट वाकडी करून जात. इंजिनिअरसाहेबांकडे काचेच्या पेटीत मासे होते. संध्याकाळी बायकापोरं खिडकीशी गर्दी करत. देवरावांकडे पाहायला जावं असं काही नव्हतं. घरात पत्नी प्रेमिलाबाई आणि एकुलती एक मुलगी नीला. नीला बी.ए. होऊन घरी होती. तिला पाहायला लोक येत, पोहे खात, चहा पीत, 'कळवतो' म्हणत आणि कळवत नसत. नीला सावळी होती. प्रेमिलाबाई म्हणत, 'अंगानं बापावर गेली.' देवराव काहीच म्हणत नसत, कारण ते खरं होतं.

एक्क्याऐंशीचा पावसाळा सरता सरता चंद्रपूरकडच्या जंगलातून बांधकामाची परांची बांधायच्या बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, आल्या. त्या उतरवताना एका पोकळ बल्लीतून दोन कातिणी बाहेर पडल्या. घरातल्या कोपऱ्यात जाळं विणते ती कातीण नव्हे. तळहात झाकेल एवढी, केसाळ, पाय टाकला तर विचार करून टाकणारी. माल उतरवणाऱ्या खलाशानं फावडं उचललं.

"हटा बाबूजी. मुतली तं अंगावर फोड येतात."

देवरावांनी त्याचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं होतं. पोपट कुणीही पाळतं, पण हे? नागपुरात काय, अख्ख्या विदर्भात कुणाकडे नसेल.

दोघींतली एक सडपातळ होती. पायांवर पिवळे पट्टे, पाठीवर जांभळाची साल उन्हात चमकावी तशी निळसर झाक. दुसरी जाडी, सुस्त, ओल्या गुळाच्या रंगाची. कोणती न्यायची हे तिथंच ठरवायला हरकत नव्हती. पण देवराव लुगडंसुद्धा घरी आणून, उजेडात पसरून, मग परत करणारे. त्यांनी जेवणाच्या डब्याचे दोन पुडे रिकामे केले, एकेकात एक अशा दोघी बसवल्या आणि बसनं घरी आणल्या.

प्रेमिलाबाईंनी डबा उघडला. पुढचं सांगण्यासारखं नाही. त्या डब्यात त्यांनी पुन्हा कधी भाजी भरली नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

"अवं, ऐकून तर घे," देवराव म्हणाले. "मी एकच ठेवून राहिलो."

निवड करायला वेळ लागला नाही. रंगीत ती राहिली. तिचं नाव राणी. स्टोअरच्या सुताराकडून जुन्या खिडकीच्या काचांची पेटी करून घेतली, खाली माती, वर जाळी, आणि पेटी थेट बैठकीत, रेडिओच्या शेजारी. दुसरीला फेकायला ते दाराबाहेर निघाले तेव्हा नीला म्हणाली, "राहू द्या न बाबा. मागच्या पडवीत ठेवतो मी."

"हिच्यात काय आहे वं ठेवण्यासारखं?"

"फेकण्यासारखं काय आहे?"

वाद घालण्याइतका देवरावांना त्या गुळाच्या ढेपेत रस नव्हता. नीलानं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली आणि आत माती घातली. या कातिणीचं नाव ठेवायचं राहून गेलं. घरात तिला 'दुसरी' म्हणत.

आणि मग देवरावांचे दिवस फिरले. आधी वामनराव आले, मग त्यांचा अख्खा ब्लॉक, मग एका रविवारी साक्षात इंजिनिअरसाहेब, मासे घरी सोडून. देवराव पेटीशी उभे राहून माहिती सांगत. ती त्यांना कुठून मिळाली होती हे विचारू नये. ती बोलता बोलता तयार होत असे. राणी रात्रभर पेटीत फेऱ्या मारायची, काचेवर चढायची, झुरळ टाकलं तर हुंगून सोडून द्यायची. देवराव सांगत, "खानदानी आहे. हपापल्यासारखं खात नाही." दुसरी मात्र पडवीत टाकलं ते खायची आणि गप्प बसायची. त्यावरून देवरावांनी तिचं कूळ ठरवून टाकलं.

आपणही एखादी पाळावी असं वामनरावांच्या मनात आलं. त्यांनी विचारलं, "नव्या माणसानं कोणती घ्यावी गा?"

तेव्हा देवरावांनी ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. पुढं दोन महिने ते कॉलनीत गाजलं.

"नवा माणूस असन तं त्यानं रंगच पाहावा. रंग असला की बाकी सारं मागून येते."

तुळशीचं लग्न झालं आणि नागपुरातल्या धंतोलीचं स्थळ आलं. रुपराव नावाचे गृहस्थ, दवाखान्यांच्या गल्लीत औषधांचं दुकान, मुलगा त्याच दुकानात. माणसं चांगली होती हे आधीच सांगून टाकतो. वाईट असती तर देवरावांना सोपं गेलं असतं. प्रेमिलाबाई म्हणाल्या, पाहुणे येतील तेव्हा ती पेटी झाका. देवराव म्हणाले, उलट, पेटीमुळं बोलायला विषय होतो.

विषय झालाच. नीला आतून यायच्या आधीच रुपराव पेटीपाशी वाकून उभे होते आणि देवरावांना जोर चढला होता. बल्लीपासून सुताराच्या काचेपर्यंत सगळं सांगून झालं. रुपरावांनी विचारलं, "दोन होत्या म्हणता. मग हीच काहून ठेवली?"

"अजी, नवा माणूस असन तं त्यानं रंगच पाहावा," देवराव म्हणाले. "रंग असला की बाकी सारं मागून येते."

"वा," रुपराव म्हणाले. त्यांना ते मनापासून पटलं.

नीला पोह्यांच्या बशा घेऊन आली. विचारायचं ते विचारून झालं, संत्र्याची बर्फी झाली, चहा झाला. मुलगा सगळा वेळ पेटीकडे पाहत होता. नीला कपबशा उचलत असतानाच रुपरावांनी देवरावांच्या हातावर हात ठेवला. 'कळवतो' म्हणून लोकांना टांगून ठेवणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांना तोंडावर खरं बोलायची सवय होती, आणि ती चांगली सवय आहे असं त्यांना घरच्यांनी सांगितलेलं होतं.

"देवरावजी, वाईट नका मानू. पोरगी गुणाची आहे, दिसूनच राहिलं. पण आमचा पोरगा या कामात नवा आहे. नवा माणूस रंगच पाह्यते. तुमीच तं आता सांगून राहिले होते."

आणि ते हसले. आपण यजमानाचंच वाक्य वापरून त्याचा मान राखला, असं त्यांना खरोखर वाटलं असावं.

देवरावही हसले.

पाहुणा हसला की यजमानानं हसायचं, एवढ्याच सवयीनं हसले. तोंडातून हसू निघून गेल्यावर त्यांचं लक्ष नीलाकडे गेलं. ती कपबशांचा ट्रे धरून त्यांच्याकडेच पाहत होती. रुपरावांकडे नाही, मुलाकडे नाही. मग ती आत गेली.

त्या दिवसापासून नीला बापाशी बोलायची, पण कामापुरतं. 'पाणी काढलं.' 'जेवायले चला.' 'बाबा' हा शब्द त्यातून गळून गेला होता. देवराव तो शब्द परत कानावर पडावा म्हणून उगाच पडवीत घुटमळत. तिथं ती दुसरीच्या डब्यात वाटीभर पाणी ठेवत असायची. त्यांनी एकदा विचारलं, "खाते का वं बरोबर?" नीला म्हणाली, "खाते." लग्न जमणं न जमणं देवाच्या हातात आहे असं देवराव स्वतःला समजावत. पण हसले ते स्वतःच्या तोंडानं हसले होते, आणि त्यात देवाला कसं गोवायचं हे त्यांना सुचत नव्हतं.

पौषात राणी मेली. आधी काचेवर चढेनाशी झाली, मग पाय अंगाखाली घेऊन मुठीसारखी मिटली. जाणते सांगतात की या जातीतला नर वयात आला की अंगानं सडपातळ आणि रंगानं उठावदार दिसतो, खाणं सोडतो, मादीच्या शोधात रात्रभर भटकतो आणि मग फार दिवस काढत नाही. म्हणजे राणी मुळात राणीच नव्हती आणि खानदानी उपास करत नव्हती. ती जायच्या वाटेवर होती. देवरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी कॉलनीत सांगितलं, दृष्ट लागली.

त्याच आठवड्यात पडवीतली दुसरीही उलटी पडलेली दिसली. पाठीवर, आठही पाय आकाशाकडे. ती पंधरवड्यापासून खात नव्हती आणि तिचा रंग गुळाचाही राहिला नव्हता. आता तो चक्क चिमणीच्या राखेचा झाला होता. प्रेमिलाबाई म्हणाल्या, "सुटलो एकदाचे. इलेही राणीच्या मागं टाकून या." देवरावांनी डबा उचलला आणि मागच्या राखेच्या ढिगाकडे निघाले.

नीला दोरीवरचे कपडे झटकत होती. तिनं वाट अडवली.

"ठेवा तो खाली."

"मेली वं ते."

"मेली असन तं मी टाकीन. तुमी नका टाकू."

आवाज चढवला नव्हता तिनं. देवरावांनी डबा परत पडवीत नेऊन ठेवला, आणि ठेवताना त्यांना स्वतःची लाज वाटली. फेकायला ते त्या दुसरीला दोनदा निघाले होते आणि दोन्ही वेळा तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. ते डब्याशेजारी पाटावर बसले. ऑफिसला गेले नाहीत. नीला कपडे आत नेऊन परत आली आणि तीही बसली, थोड्या अंतरानं.

दुपार कलली तेव्हा त्या राखाडी अंगाला छातीपाशी चीर गेली. मग आतून काहीतरी हळूहळू, थांबत थांबत, एकेक पाय सोडवत बाहेर सरकायला लागलं. हातमोज्यातून बोटं काढावीत तसे ते पाय निघत होते. संध्याकाळी डब्यात दोन कातिणी होत्या. एक पोकळ, राखेच्या रंगाची, म्हणजे नुसती कात. दुसरी तिच्या शेजारी दमून पडलेली, ओली, आणि अशी निळी की राणीची झाक तिच्यापुढं धुऊन विटलेल्या कापडासारखी वाटावी. पायांवर हळदीसारखे पट्टे.

देवरावांना हर्ष झाला. आणि स्वभावाला औषध नसतं, त्यामुळं ते उठून म्हणाले, "पेटी धुऊन काढतो. इले बैठकीत ठेवू. वामनरावाले बोलावतो."

नीला डब्यातच पाहत होती. "बाबा," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी तो शब्द आला आणि कसा आला! "सकाळी टाकून राहिले होते न तुमी इले?"

देवराव परत पाटावर बसले. पेटी धुतली गेली नाही.

फाल्गुनात रुपराव पुन्हा आले, या वेळी एकटेच. मधल्या काळात मुलासाठी एक गोरं स्थळ पाहिलं होतं आणि ते त्या गोऱ्या बाजूनंच मोडलं होतं. ते त्यांनी लपवलं नाही. माणूस खरा होता.

"आमी फिरून विचार केला, देवरावजी. पोरगाही आता समजून घेऊन राहिला." मग त्यांची नजर रिकाम्या पेटीवर गेली. "तुमची ती राणी कुठं आहे?"

"मेली."

"अरेरे. रंग काय होता तिचा!"

"रंगच होता," देवराव म्हणाले. "आता मागं एक आहे, पोरीची. तेव्हाची दुसरी. आता पाहान तं ओळखणार नाही."

"मग आणा न इकडं. अन् नीलाताईलेही बोलवा. एकडाव नीट पाहून घेऊ."

देवराव उठले. आवाज द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. "विचारून येतो," ते म्हणाले.

नीला पडवीत वाटीतलं पाणी बदलत होती.

"धंतोलीवाले आले," देवराव म्हणाले. "पाहायचं म्हणतात."

"कोणाले? इले का मले?"

"दोघीईले."

"मग तुमी काय म्हटलं?"

"म्हटलं, विचारून येतो."

नीलानं वर पाहिलं. इतक्या पोह्यांच्या बशा तिनं बैठकीत नेल्या, पण नेऊ का, असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती हळूच हसली.

"नाही म्हणा, बाबा," ती म्हणाली.

देवराव बैठकीत आले आणि रुपरावांसमोर बसले.

"नाही म्हणते."

"कशाले? कातीण दाखवाले?"

"कशालेच."

रुपरावांना वाटलं ही थट्टा आहे. ते मोकळेपणानं हसले, आणि मग देवराव हसतील म्हणून थांबले. देवराव हसले नाहीत. मग देवरावांनी त्यांना धंतोलीकडे जाणाऱ्या बसची वेळ सांगितली.