मोझेल बीमच्या घरात न चालणारा शब्द

आमच्या गिरणीत दुपारचं जेवण घरची पोरं आणून देत. भोंगा झाला की मक्याची भाकरी नि घेवड्याचे डबे घेऊन ती थेट सूत कातायच्या साच्यांपर्यंत यायची, आई-बाप जेवेस्तोवर गंमत म्हणून तुटलेले धागे जोडायची आणि दोन-चार वर्षांत तिथेच कामाला लागायची. मोझेल बीम मात्र डबा सकाळी स्वतःच आणायची नि गार खायची. तिच्या दोन मुलींनी गिरणीचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. नवरा लवकर गेलेला, तरी तिचा हट्ट सुटला नाही.

हे सगळं एका शब्दापायी. आमची वस्ती गिरणीलगत; रेल्वेच्या रुळांपलीकडचे गाववाले आम्हाला ‘लिंटहेड’ म्हणायचे. लिंट म्हणजे कापसाचे उडते तंतू, हेड म्हणजे डोकं. केसांत, भुवयांत, नाकात कापूस भरलेली माणसं, असा त्याचा अर्थ. पण त्यात अडाणी, घाणेरडी, चोरटी हेही आलंच. आम्ही आपसांत तो खुशाल वापरायचो. “काय गं लिंटहेड, आज डोळा लागला वाटतं?” असं म्हटलं तर कुणी रागवत नसे. तोच शब्द गाववाल्याने उच्चारला की आमचे बाप्ये बाह्या सरसावत. मोझेलच्या घरात मात्र तो थट्टेतही चालत नसे. “माझ्या पोरींना हे कुणी म्हणता कामा नये,” एवढंच तिचं म्हणणं. आम्ही तिला हसायचो. मीसुद्धा.

थोरली व्हेस्टा गावातल्या शाळेत शिकली, गावातल्या कापडदुकानात लागली, तिथेच खोली घेऊन राहिली. महिन्यातून एखाद्या रविवारी घरी यायची, तीही घड्याळाकडे बघत. मोझेलला त्याचंही कौतुक. आता धाकटी नोला चौदा वर्षांची झाली होती, गावातल्या हायस्कुलात जायची होती. तिच्या फ्रॉकचं कापड घ्यायला एका शनिवारी मोझेल मला घेऊन व्हेस्टाच्याच दुकानात गेली.

व्हेस्टा आमच्याकडे पाठ करून एका गिऱ्हाईक बाईला कापड दाखवत होती. बाई ठाण उलगडायला लागली तशी व्हेस्टा म्हणाली, “थांबा हं, आतलं नवं काढून देते. हे सकाळी लिंटहेडांनी चिवडलंय. घेत काही नाहीत, नुसते हात पुसून जातात.”

बाई हसली. व्हेस्टाही हसली. मग ती वळली आणि आम्ही दिसलो.

तिचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा तरी ‘आई’ म्हणावं की नाही? बाई बघत होती. व्हेस्टा म्हणाली, “आपल्याला काय दाखवू?”

मोझेलच्या हातात निळ्या कापडाचं टोक होतं. ते तिने घडी घालून जागच्या जागी ठेवलं. “काही नको, बाई,” ती म्हणाली.

आम्ही परत रूळ ओलांडले. मला राहवेना. “अगं, सवयीनं गेलं तिच्या तोंडून.”

“सवयीनंच गेलं,” मोझेल म्हणाली. “ती सवय लागावी म्हणून मी तिला तिकडे धाडलं. आता आपलेच दात नि आपलेच ओठ.”

सोमवारी ती नोलाला हाताला धरून मुकादमापुढे उभी राहिली. पोर रडून रडून सुजली होती. मी मोझेलला बाजूला ओढलं. “डोकं फिरलंय का तुझं? थोरलीचा राग हिच्यावर काढतेस? हुशार पोर आहे ती. शिकू दे की.”

“राग नाही गं. लोक हिला ते म्हणतील, म्हणू देत. ऐकून घेईल. हिच्या तोंडून ते मला ऐकायचं नाही.”

“आणि तिला काय हवंय ते?”

मोझेलने नोलाला मुकादमापुढे सरकवलं. मुकादमाने तर नाव विचारलं नि कामावर घेतलं, त्याला काय! नोलाला माझ्याच साच्यावर दिलं. धागा कसा जोडायचा ते मी एकदाच दाखवलं. दुपारपर्यंत पोर माझ्याहून भराभर जोडायला लागली आणि मुकादम जाता जाता म्हणाला, “रक्तातच आहे.”