वॉल्ट्झचा दुसरा भाग

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो व्हिडिओ अजून फिरतो. वर लिहिलंय, ‘आपल्या मराठी भगिनीचा कॅनडाच्या रेडिओवर डंका’. व्हिडिओत मंडळाचे अध्यक्ष दिसतात, शाल दिसते, नारळ दिसतो. माझ्या मुलीने तो पाहिला आणि एवढंच म्हणाली, ‘मॉम, यू आर नॉट ईव्हन इन इट.’ लोक खाली अंगठे आणि फुलं टाकत असतात. मी ग्रुप सोडला नाही, कारण गणपतीच्या मोदकांची ऑर्डर तिथेच द्यावी लागते. पण त्यातल्या एकाही माणसाबद्दल मला आता काडीचा आदर उरलेला नाही.

नागपूरला मी लहानपणापासून व्हायोलिन शिकले. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवायचं आणि एका सुरातून दुसऱ्या सुरात अलगद घसरत जायचं, असं आमचं वाजवणं. लग्न झालं, इकडे आलो, टोरंटोजवळ व्हिटबीत घर घेतलं, वॉनच्या एका वेअरहाऊसच्या ऑफिसात मला नोकरी लागली आणि व्हायोलिन बेसमेंटमध्ये विंटर टायर्सच्या मागे जाऊन बसलं. ते बाहेर निघालं चर्चच्या तळघरात जमणाऱ्या एका टोळक्यामुळे. दर गुरुवारी तिथे या भागातले निवृत्त शेतकरी, शाळामास्तर, ट्रकवाले येतात आणि आजोबा-पणजोबांच्या काळातल्या नाचाच्या चाली वाजवतात. त्यांचं फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त हनुवटीखाली धरलेलं. समोर कागद नसतो. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने कानाने उचलायचं. त्याला ते ‘चाल घेणं’ म्हणतात. ही पद्धत माझ्या ओळखीची होती, म्हणून मी टिकले.

त्यांच्यात एक म्हातारा होता. जन्मभर दुभत्या गायी सांभाळलेला आणि माणसांशीही गायींशी बोलावं तसाच बोलणारा. पहिल्याच गुरुवारी तो सगळ्यांदेखत मला म्हणाला, ‘घसरू नकोस. नोट आहे ती, टेकडी नाही.’ मला अस्सा राग आला. पण बाकीचे मला ‘ब्यूटिफुल, ब्यूटिफुल’ म्हणत होते आणि मी काय वाजवतेय ते फक्त त्याने ऐकलं होतं. पुढच्या गुरुवारी मी त्याच्याच शेजारी खुर्ची ओढली.

त्याच्याजवळ एक वॉल्ट्झ होता. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांच्या संथ नाचाची चाल. हा त्याच्या काकाने बांधलेला, आजूबाजूच्या दोन-तीन गावांपलीकडे कधी न गेलेला, आणि आता त्याच्याशिवाय कोणालाच न येणारा. त्याचा पहिला भाग साधा, खालच्या सुरांतला, कोणीही बांधला असता असा. दुसरा भाग वर चढतो, एका जागी थबकतो आणि मग भलत्याच सुरावर उतरतो. ही चाल त्याने मला द्यायला अख्खा हिवाळा घेतला. इतरांना दिली नाही. त्यांना घाई असते, म्हणायचा.

मग त्याला स्ट्रोक झाला. डावा हात गेला, म्हणजे फिडल गेलं. त्याच्या मुलीने त्याला नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात ठेवलं. ती मला म्हणाली की त्याला माणसं आठवतात, पण चाली एकेक करून गळून चालल्या आहेत.

अशात आमच्या टोळक्याला रेडिओचं बोलावणं आलं. या भागातलं जुनं संगीत आणि ब्लूग्रास, म्हणजे बॅन्जो-फिडलवरचं अमेरिकन लोकसंगीत, यांचा एक कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी गावातल्या जुन्या थिएटरातून लाइव्ह होतो. म्हातारा तो वर्षानुवर्षं गोठ्यात धारा काढताना ऐकत आलेला. आमच्यातर्फे मी तो वॉल्ट्झ वाजवायचं ठरलं. मी त्याला जाऊन सांगितलं, तर म्हणाला, ‘दोन्ही भाग. दोन-दोनदा.’ आणि तोंड फिरवून बसला. त्याची मुलगी त्या संध्याकाळी त्याच्या उशाशी रेडिओ लावणार होती. त्याच्या हाताबरोबर ती चाल मेलेली नाही एवढं त्याला, अजून कळतंय तोवर, ऐकू जावं, इतकीच माझी इच्छा होती.

नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं. आधी निवेदक. लोकरीचं जाकीट, मखमली आवाज, प्रत्येक चाल जणू याच्याच आजीने चुलीवर शिजवलीय असं बोलणं. राहतो टोरंटोच्या उंच इमारतीतल्या कॉन्डोत; शेताशी संबंध ग्रोसरीच्या दुकानापुरता. त्याने मला ईमेल केला की पारंपरिक वेशात आलात तर छान, आणि ‘तुमच्याकडचं’ काहीतरी वाजवाल का? समोर बसलेल्या माणसांना साडी दिसली असती, पण रेडिओवर ती कोणाला ऐकू येणार होती, हे त्यालाच ठाऊक. मी जीन्स आणि काळा स्वेटर घालून गेले. त्याने मला सगळ्यात शेवटी ठेवलं, काहीतरी वेगळं म्हणून.

माझी चूक एवढीच की मुलीला स्विमिंगहून कोण आणेल म्हणून मी एका मैत्रिणीला फोन केला आणि कारण सांगितलं. तिने ते ग्रुपवर टाकलं. शनिवारी पडदा सरला तर पुढच्या दोन रांगा पैठण्यांनी भरलेल्या. ज्यांनी उभ्या जन्मात माझ्या वाजवण्याची चौकशी केली नव्हती ते सगळे फोन उंचावून बसले होते.

ब्लूग्रासवाल्यांची एक रीत आहे. रंगमंचाच्या मधोमध एकच माईक असतो. सगळे त्याच्याभोवती गोल उभे राहतात. ज्याची पाळी तो पुढे येतो, वाजवतो आणि दुसऱ्याला जागा देऊन मागे सरकतो. सांगावं लागत नाही, धक्का लागत नाही. इतकी सभ्य गोष्ट मी संगीतात दुसरी पाहिलेली नाही. संध्याकाळभर बॅन्जो, मॅन्डोलिन, फिडल असे पुढेमागे होत होते आणि मी माझ्या पाळीची वाट बघत होते.

पाळी आली. निवेदकाने मला ‘थेट भारतातून’ आणलं, जणू मी विमानतळावरून परस्पर आले होते. मग पैठण्या बघून त्याला उमाळा आला आणि त्याने विचारलं, आमच्या खास पाहुण्यांपैकी कोणी हॅलो म्हणेल का?

त्या बिचाऱ्याच्या हिशेबात हॅलो म्हणजे जागेवरून हात हलवणं. पण मराठी मंडळाच्या अध्यक्षाला हॅलो म्हणायला सांगणं म्हणजे अध्यक्षीय भाषणाचं आमंत्रण. आमचे अध्यक्ष तयारीनेच आले होते. खजिनदार मागून शाल आणि नारळ घेऊन चढला. अध्यक्षांनी माईक गाठला, खिशातून चष्मा काढला आणि लाइव्ह रेडिओवर सुरुवात केली, ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर, आणि माझ्या रसिक बंधू-भगिनींनो’.

मंडळाची स्थापना झाली. पहिला गणपती बसला. माजी अध्यक्षांचं ऋण मानलं गेलं. माझं वाजवणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून ते माझ्या मोदकांवर बोलले. मला शाल पांघरली, ती व्हायोलिनच्या खुंट्यांत अडकली. नारळ त्यांनी बॅन्जोवाल्याच्या हातात दिला. त्याने तो कानाशी नेऊन टकटक वाजवला, तर टाळ्या पडल्या. निर्मातीबाई विंगेतून हवेत बोट गोल गोल फिरवत होती, म्हणजे आटपा. अध्यक्षांनी तिला हसून मान डोलावली आणि प्रायोजकांकडे वळले.

आणि ते कॅनेडियन! एकानेही त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं नाही. सगळे गोल करून, हात पुढे बांधून, एका शब्दाचाही अर्थ न कळता कौतुकाने ऐकत उभे. आमच्याकडचा निर्लज्जपणा आणि त्यांच्याकडची सभ्यता, यांत जास्त घाण काय ते मला त्या दिवशी ठरवता येईना. आठला रेडिओच्या मुख्य केंद्रावरून बातम्या आपोआप सुरू होतात, कोणासाठी थांबत नाहीत, हे तिथे उभ्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी शाल खाली टाकली आणि अध्यक्ष बोलत असतानाच सुरुवात केली. ते दचकून मागे झाले. पहिला भाग एकदा झाला, दुसऱ्यांदा झाला, दुसऱ्या भागासाठी मी गज उचलला आणि समोरचा प्रक्षेपणाचा लाल दिवा विझला. बातम्या लागल्या होत्या. लोक उठून टाळ्या वाजवू लागले.

निवेदक म्हणाला की ते भाषण फार पॉवरफुल होतं. अध्यक्ष कपाळ पुसत माझ्याकडे आले. ‘ताई, छान झालं बरं का. फक्त अजून थोडं वाजवायला पाहिजे होतं, शॉर्ट वाटलं.’ मी पाठ फिरवून व्हायोलिन पेटीत ठेवायला लागले. त्यांना वाटलं मला भरून आलंय.

दुसऱ्या दिवशी व्हायोलिन घेऊन नर्सिंग होममध्ये गेले. त्याची मुलगी तिथेच होती. मी माफी मागायच्या तयारीने गेले होते, पण म्हातारा खुशीत होता. ‘ऐकलं,’ म्हणाला. ‘घसरली नाहीस. पूर्ण वाजवलंस.’

मी सांगितलं की पूर्ण नाही, दुसरा भाग राहिला.

त्याने माझ्याकडे खोटं माप लावणाऱ्या व्यापाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. ‘एवढीच आहे ती.’

मी पेटी उघडली आणि सुरुवातीपासून वाजवलं. पहिल्या भागाला त्याच्या उजव्या हाताची बोटं पांघरुणावर एक-दोन-तीन, एक-दोन-तीन चालत होती. दुसरा भाग वर चढला आणि बोटं थांबली. तो मान कलती करून ऐकत राहिला, पाहुण्याचं ऐकावं तसं, नीट आणि आदराने. शनिवारी पहिल्यामागून दुसरा तसाच रेडिओवर गेला असता तर त्याला सापडला असता का? त्याची मुलगी म्हणते, तो भाग आधीच गळून गेला होता. मंडळाला दोष देऊन उपयोग नाही. तरी मी देते, आणि मरेपर्यंत देईन.

‘सुंदर आहे हे,’ तो म्हणाला. ‘कोणी दिलं तुला?’

त्याची मुलगी खिडकीकडे वळली. ‘इथल्याच एका म्हाताऱ्याने,’ मी म्हटलं. ‘फार खडूस होता.’

तो हसला. मग डाव्या बाजूला जरासा कलला आणि तो मेलेला हात उजव्या हाताने उचलून मांडीवर घेतला.

‘पुन्हा वाजव,’ म्हणाला. ‘हळू. मला घ्यायचीय ती.’