सत्ताविसाव्या पानाचं सील

बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुठल्याही घरात शिरा. फळीवर, कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे माणसाला मोठं करणारं एखादं पुस्तक सापडलं, तर ते आमच्या थोरल्या साडूंनी दिलेलं आहे आणि त्या घरात ते कुणीही वाचलेलं नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या अक्काचे यजमान. अंथुर्ण्याजवळच्या एका दूध शीतकरण केंद्राचे ते प्रमुख होते. हाताखाली माणसं अकरा, पण वाचायची ती पुस्तकं अकरा हजार माणसं हाताळणाऱ्यांसाठी लिहिलेली. नेतृत्व, नावलौकिक, माणसाचं मन आणि कामाच्या जागेचं वातावरण, या चार विषयांपलीकडे त्यांनी लग्नपत्रिका सोडून दुसरं काही वाचलं असेल असं मला वाटत नाही.

समोरच्या माणसाला कुठलं पुस्तक कमी पडतंय, हे त्यांना दोन मिनिटांत कळायचं. मी हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर. एकदा जेवताना मुख्याध्यापकांबद्दल जरा कुरकुर केली, तर तिसऱ्या दिवशी वरिष्ठांना कसं सांभाळावं याचं पुस्तक मला घरपोच आलं. तिथंच थांबले असते तर ठीक, पण हाताखालच्यांना कसं सांभाळावं याचं पुस्तक त्यांनी मुख्याध्यापकांनाही पाठवलं, आणि वर चिठ्ठी, ‘आपल्या चित्रकला शिक्षकांच्या सांगण्यावरून.’ ते वर्षभर मुख्याध्यापकांनी मला मैदान आखायच्या कामाला लावलं होतं.

भिगवणला आम्ही मासे खायला जायचो. एकदा रस्सा पातळ आला. दुसरा कुणी असता तर तोंड वाकडं करून खाल्लं असतं किंवा भांडला असता. यांनी मालकाला प्रेमानं जवळ बोलावलं. म्हणाले, “मालक, रस्सा पातळ झाला की नाव पातळ हुतं. नाव कसं राखावं त्याच्यावर एक झकास पुस्तक हाय. गाडीतच हाय, देऊन जातो.” मालकानं हात जोडले. “सायेब, दाट रस्सा देतो, वरनं मुंडकं देतो, पर पुस्तक नगं. मागलंच अजून तसंच पडलंय.” तेव्हापासून आमची गाडी दिसली की दाट रश्श्याची वाटी आधी टेबलावर यायची आणि मग आम्ही बसायचो.

केंद्रावर तर विचारूच नका. कुणाची चूक दाखवायची तर आधी कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. दुधाला भाव फॅटवर मिळतो, आणि गावातल्या एका तात्यांच्या दुधात पाणी निघालं. साडू म्हणाले, “तात्या, तुमची म्हैस लय गुणाची हाय. दुधात पाणी हाय. पर क्यान कसा लख्ख ठेवलाय!” तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग क्यानचं फॅट किती लावताय?” रांगेतली माणसं हसून हसून खाली बसली. साडूंनी मात्र त्या संध्याकाळी तात्यांना विनोदबुद्धीवरचं पुस्तक दिलं.

आमच्याकडे लग्नात, वास्तुशांतीला टॉवेल-टोपीचा आहेर असतो. ती टोपी कुणी घालत नाही आणि त्या टॉवेलानं कुणी अंग पुसत नाही. तो जोड घडी न मोडता या लग्नातून त्या लग्नात फिरत राहतो. साडूंनी टॉवेल-टोपी बंद करून पुस्तकं द्यायला सुरुवात केली, आणि पुस्तकंही तशीच फिरू लागली. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. दूध भरून टँकर निघाला की त्याच्या झाकणाला सील लावतात, वाटेत कुणी उघडलं तर समजावं म्हणून. तसंच ते प्रत्येक पुस्तकाची सव्वीस आणि सत्तावीस ही समोरासमोरची पानं कोपऱ्यात डिंकाच्या ठिपक्यानं चिकटवून ठेवायचे. तिथवर वाचत आलेल्या माणसाला ठिपका मोडल्याशिवाय पुढं जाताच यायचं नाही. मग कधीतरी सहज आल्यासारखं त्या घरी जायचं, पुस्तक चाळल्यासारखं करायचं, ठिपका शाबूत बघायचा आणि गुमान चहा पिऊन निघायचं. हे गुपित फक्त मला ठाऊक होतं. “साडूभाऊ,” ते म्हणायचे, “रिटायर व्हायच्या आत एक तरी सील तुटल्यालं बघायचंय. एकच. मग मी गप बसतो.”

आमच्या वास्तुशांतीलाही एक हिरव्या कव्हरचं पुस्तक आलं होतं. आठ महिने ते दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून वावरलं. साडू मधे येऊन ठिपका बघून गेले आणि त्या दिवशी चहात साखर कमी आहे हेसुद्धा बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं. पुस्तक मात्र मी तरीही वाचलं नाही. पुढं बायकोनं मोरगावच्या मामेबहिणीच्या लग्नात, पहिल्या पानावरच्या आमच्या नावावर नवं लेबल चिकटवून, ते आहेरात देऊन टाकलं. “नवंच तर आहे,” ती म्हणाली, आणि खोटं बोलत नव्हती.

साडूंचा निवृत्तीचा सत्कार केंद्राच्या आवारातच झाला. अक्षर बरं म्हणून भेटवस्तूंच्या टेबलावर मला बसवलं होतं. तेवढ्यात ते लख्ख क्यानवाले तात्या आले आणि पिशवीतून एक पुस्तक काढलं. “सायबास्नी पुस्तकाचा नाद हाय म्हनून आनलं. नातीच्या लग्नात आल्यालं. जरा चकचकीत कागदात गुंडाळा की मास्तर.” हिरवं कव्हर, आणि त्यावर आमच्या पातेल्याचा गोल! पहिल्या पानावर लेबलांवर लेबलं चढून पापडाएवढा जाड थर झाला होता. मी घाईघाईनं सव्विसावं पान गाठलं. ठिपका शाबूत.

समोर स्टेजवर साडू शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन बसले होते. ते हे पुस्तक हातात पडल्याबरोबर सगळ्यांदेखत उघडणार आणि आधी तेच पान बघणार, हे मला दिसत होतं. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी टेबलाखाली हात नेऊन अंगठ्याच्या नखानं ठिपका उचकटला. पान उघडलं, तेव्हा आता उघडलंच आहे तर म्हणून सत्ताविसावं पान वरपासून खालपर्यंत वाचूनही काढलं. मग चकचकीत कागद लावला.

व्हायचं तेच झालं. साडूंनी कागद फाडला, पान काढलं आणि माईकसमोरच ओरडले, “सील तुटलंय!” दोन कर्मचारी स्टेजवरून उड्या मारून टँकरकडं धावले. ड्रायव्हर “आईशप्पत, मी हात लावला न्हाय,” म्हणून रडकुंडीला आला. साडूंच्या डोळ्यांना मात्र धार लागली होती, आणि लोकांना वाटलं निवृत्तीचं दुःख. मी खाली मान घालून भेटवस्तूंची यादी लिहीत राहिलो.

त्यानंतर महिनाभर, कुणी वाचलं याचा शोध घेत ते मोटारसायकलवरून हिंडले. मागं मी. तात्यांनी कानाला हात लावले. ज्यांनी ते तात्यांच्या नातीला दिलं होतं, त्यांनी देवाच्या फोटोवर हात ठेवला. वाचल्याचा आळ कुणीच अंगावर घेईना.

परवा ते आमच्या ओसरीवर येऊन बसले. बायकोनं चहाची किटली आणून ठेवली. पुस्तक त्यांच्या मांडीवरच होतं. म्हणाले, “लेबलं भिजवून काढली. सात निघाली. तळाला माझंच अक्षर. तुमच्या वास्तुशांतीचं.” आता आपली खैर नाही, असं मला वाटलं. पण ते हसत होते. “आवो, फिरलं म्हनून तर त्या मानसाच्या हाताला लागलं. तुमच्याकडंच ऱ्हायलं असतं तर झाकानच झालं असतं.” मग पुस्तकाच्या कव्हरावरून हात फिरवू लागले. केंद्र सुटल्यापासून त्यांच्याकडे कुणी फारसं येत नाही, हे अक्का माझ्या बायकोला सांगत होती.

“साडूभाऊ, त्याला मी काय म्हनणार न्हाय,” ते हळूच म्हणाले. “पुस्तक बी देणार न्हाय. नुसतं एकदा त्याच्या म्होरं बसून घोटभर च्या प्यायचाय. कोन असंल वो?”

सगळं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या एका पानावर लिहिलं होतं, की कुणासाठी काही करावं तर त्याला ते आपण केलंय हे कधी कळू देऊ नये. साडूंच्या सगळ्या पुस्तकांतलं तेवढं एकच पान मी वाचलंय.

“असेल कुणीतरी,” मी म्हणालो, आणि त्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतला.