चौथा टेकू

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर फक्त खिल्ली उडवलीय. इंजिनियर बाई मी, गणितात बसेल तेवढंच खरं मानणारी. तरी हे लिहितेय... कारण ते माझ्याच कानांनी ऐकलं.

आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप कुपवाड एमआयडीसीत. वडील गेल्यावर – सगळे त्यांना आण्णा म्हणत – ते मी चालवायला घेतलं. पहिलंच मोठं काम आलं ते एका कारखान्याच्या मेझनाईनचं, म्हणजे लोखंडी पोटमाळ्याचं. नवीन मशीन बसवायला मधला खांब काढायचा होता. मालक तोंडावर म्हणाले, "आण्णा असते तर काळजी न्हवती. तुमाला जमंल न्हवं?"

"जमंल की!" मी हसून म्हटलं. आतून असली चिडले होते!

रविवार, सकाळचे अकरा. कारखाना बंद, शटर खाली. वर नवा जाड बीम बसवून झाला होता, खाली चार लोखंडी टेकू दिले होते. आमचे जुने वेल्डर मारुतीकाका शिडीवर चढले. आता गॅस कटर पेटवणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

ठण... ठण... ठण... ठक.

अंगावर सर्रकन काटा आला. ही आण्णांची पद्धत! कापण्याआधी ते प्रत्येक टेकूवर पाना मारून बघायचे. ठण वाजला तर भार आलाय, ठक वाजला तर टेकू ढिला. आणि काम मनासारखं झालं की शेवटी आणखी एक ठोका, शाबासकीचा. मी घाईत हे साफ विसरले होते.

"ताई, तुमी मारला व्हय पाना?"

"नाही काका... तुम्ही आधी खाली उतरा!"

शेडमध्ये आम्ही दोघंच. पाना पेटीत. चौथा टेकू हातानं हलवून पाहिला तर चक्क हलला! त्याच्याखालची फरशी गटारावरची निघाली, ती खचली होती. तसाच खांब कापला असता तर माळा काकांच्या अंगावर आला असता.

टेकू पक्क्या जमिनीवर घेतला, आवळला. मग मी स्वतः पाना मारला. चारही ठण!

दीड वाजता खांब आडवा झाला आणि माळा केसभरही खाली आला नाही. काम बघायला आलेल्या मालकांनी चारी बाजूंनी फिरून बघितलं. "मानलं गड्या तुमाला!"

"आण्णांची लेक हाय ती," काका छाती फुगवून म्हणाले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

आम्ही तिघं दाराबाहेर भडंग खात बसलो. आत कुणीच नव्हतं. आणि आतून एकच, खणखणीत – ठण!

काकांनी हेल्मेट काढलं, डोळे पुसले.

लोखंड निवताना वाजतं, मला ठाऊक आहे. पण सकाळी ते थंडच होतं... त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. शाबासकी मात्र मिळाली.