पाकटाने पारखलेला नवरा

समुद्राला नदीचं पोहणं चालत नाही, हे मला कोणी लेखी कळवलं नव्हतं. मी वाईचा. कृष्णेच्या पुरात घाटावरून उडी मारणारा! (पूर ओसरल्यावर. पण उडी ती उडीच.) असा पट्टीचा पोहणारा मी धाकट्या बहिणीसाठी, शालूसाठी, स्थळ पाहायला अलिबागजवळच्या नागावला गेलो. महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची गोष्ट.

वडील म्हणाले होते, "मी काही आता लाँचबिंचमध्ये बसत नाही. तूच मुलगा पारखून ये. तू नाही म्हणालास तर नाही."

शालूने मुलाचा फोटो चारदा पाहिला होता. निघताना ती हळूच म्हणाली, "दादा, उगाच खोड काढू नकोस हं." झालं! खोड काढायचीच, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. एकुलती एक बहीण काय रस्त्यावर पडली होती?

वाईहून मुंबई, तिथे भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, पुढे एस.टी. आणि शेवटी बैलगाडी. (लाँचमध्ये मला उलटी झाली, ती उन्हामुळे.) मुलाचं नाव मनोहर. घरची नारळ-सुपारीची वाडी, जाड चष्मा आणि बोलणं इतकं हळू की वाक्य संपेपर्यंत चहा गार व्हावा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि त्याचे वडील अप्पा मला समुद्रावर घेऊन गेले. गुडघाभर पाण्यात उतरल्यावर मनोहर पाय न उचलता, वाळूत घासत घासत चालायला लागला. मागे अप्पाही तसेच!

"पाय दुखतात का हो तुमचे?" मी विचारलं.

"नाही, नाही. वाळूत पाकट दडलेलं असतं. चपटा मासा. पाय घासत गेलं की तो आपला निघून जातो. वर पाय पडला तर मात्र शेपटीचा काटा मारतो. विषारी असतो."

"अस्सं! आणखी काय काय असतं?"

"शिंगाळा मासा असतो, त्याच्याही काट्यांना विष. जेलीफिश असते. कधीमधी साप..."

हा समुद्रकाठी राहतो की यमाच्या ओसरीवर? आणि या भित्र्याला माझी बहीण द्यायची? छे! मी मनातल्या मनात स्थळ नापसंत केलं आणि खरा मर्द कसा असतो ते दाखवायला सूर मारला.

वीस हात गेलो असेन. दंडाला काहीतरी बुळबुळीत लागलं आणि मनगटापासून मानेपर्यंत आग आग झाली!

"जेलीफिश!" मनोहर ओरडला. "चोळू नका! समुद्राच्याच पाण्याने धुवा!"

"छे हो, जराशी खाज आहे!" असं हसत म्हणून मी उथळ पाण्यात आलो आणि मूठभर वाळू घेऊन हात खसाखसा चोळला. मनोहर नको म्हणाला नसता, तर कदाचित चोळला नसता. बघता बघता हातभर गांधी उठल्या.

तेवढ्यात टोपली घेऊन चाललेली एक कोळीण काठावरून ओरडली, "आरं दादा, पाय उचलू नको रं! पाकटं हायत तिथं! घासत चल, घासत!"

म्हणजे आता कोळीणसुद्धा मला चालायला शिकवणार! मी मुद्दाम गुडघे छातीपर्यंत उचलत, कवायत करत निघालो. एक. दोन. तिसरं पाऊल मऊ कशावर तरी पडलं.

मी जे ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. अप्पांनी कानांवर हात ठेवले. कोळीण म्हणाली, "घाटावरचा हाय, पन शिव्या आपल्यासारख्याच देतोय!"

पुढचं सगळं त्या भित्र्याने केलं. काटकुळ्या मनोहरने मला पाठुंगळी घेतलं. मी वेदनेने त्याचं डोकं आवळलं, त्यात चष्मा पाण्यात पडला. आता त्याला दिसेना आणि मला चालवेना! शेवटी मी त्याचे दोन्ही कान धरून "डावीकडे! अहो, डावीकडे!" करत त्याला वाडीपर्यंत हाकला. (नवरदेवाचा कान पिळायचा मान वधूच्या भावाला लग्नात मिळतो. मी तो आगाऊ वसूल केला.)

घरी सोसवेल इतक्या कढत पाण्याच्या तपेल्यात माझा पाय बुडवला. मनोहर दुपारपर्यंत समोर बसून पाणी बदलत होता. दर वेळी आधी स्वतःचा हात घालून बघायचा, मला भाजू नये म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गळा काढून मी म्हणालो, "मनोहरराव, बहीण तुम्हाला दिली! आत्ताच्या आत्ता घेऊन जा!"

"त्या वाईला आहेत ना?" तो हळूच म्हणाला. "आधी पाय बाहेर काढू नका."

अलिबागच्या डॉक्टरांनी काट्याचा तुकडा काढला. आठवड्याने लंगडत घरी पोचलो आणि जाहीर केलं, "मुलगा लाखात एक आहे!" शालू लाजून आत पळाली. पायाला काय झालं, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

ते चौथ्या दिवशी कळलं. अप्पांचं पत्र आलं. त्यात समुद्रावरची सगळी हकीकत होती आणि शेवटी लिहिलं होतं, "मुलगी फोटोवरून पसंत आहे. देणंघेणं काही नको. फक्त एक शंका आहे, राग मानू नये. आपल्या चिरंजीवांसारखा स्वभाव घरात आणखी कोणाचा आहे का?"

शालूचा चेहरा पांढराफटक पडला. वडिलांनी माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि उलट टपाली लिहिलं, "नाही. हा एकच नग आहे आणि तो आमच्याकडेच राहील."

लग्न जुळलं. ते पत्र टपालपेटीत टाकायला, लंगडत लंगडत, मीच गेलो होतो!