देव्हाऱ्यातला पाना

टोकावड्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या वाडीत लडकूची जीप ही एकुलती एक गाडी, आणि लडकू हा एकुलता एक घाबरट ड्रायव्हर. घाबरट म्हणजे तसा नव्हे. घाटात समोरून ट्रक अंगावर आला तरी त्याच्या ओठातली बिडी हलायची नाही. त्याला धास्ती एकाच गोष्टीची होती, चाकांच्या नटांची. चौऱ्याण्णव साली माळशेज उतरताना त्याचं मागचं चाक निखळलं आणि आपलंच चाक आपल्याला मागे टाकून पुढे पळताना त्याने डोळ्यांनी पाहिलं. गाडी डोंगराला घासत थांबली, कुणाला खरचटलंही नाही. पण त्या दिवसापासून लडकू नट हाताने आवळेना, अख्ख्या अंगाने आवळू लागला. पान्याच्या दांड्यावर दोन्ही पाय ठेवायचे, टपाची कड धरायची आणि तीन उड्या मारायच्या. शिवाय दर दसऱ्याला नटांवर लाल ऑइलपेंटचा एक जाड हात. गाडी कुठेही थांबली की हा खाली उतरून चारही चाकांना हात लावून येणार. लडकू गाडी कमी चालवतो आणि नाचतो जास्त, असं वाडी म्हणायची, आणि खोटं म्हणत नव्हती.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये या नाचाचं फळ पदरात पडलं. त्या वर्षी वाडीतून पहिल्यांदाच सहा मुली दहावीला बसल्या होत्या. त्यातली एक लडकूची हर्षाली. केंद्र मुरबाडला, पेपर अकराला. एसटीच्या भरवशावर राहू नका, सगळ्यांना मी सोडतो, असं लडकू आठ दिवस आधी सहाही घरी जाऊन सांगून आला होता.

पहिल्या पेपराच्या सकाळी तो अंगणात आला तर उजवं मागचं चाक बसलेलं. बाभळीचा काटा. सकाळची एसटी निघून गेली होती. पुढची मुरबाडला पोचेपर्यंत वर्गाचं दार बंद झालं असतं. तरी लडकू डगमगला नाही. स्टेपनीत हवा होती, जॅक होता, पाच नट तेवढे काढायचे होते.

तीन नट पान्यावर उभं राहून कसेबसे निघाले. चौथ्याला पाना सटकला आणि लडकूची बोटं रिमवर आपटून सोलली गेली. त्याने वाकून पाहिलं. नटाचा एक कोपरा झिजून चकाकत होता. नऊ वर्षं उड्या मारून मारून पान्याचं तोंडच फाकलं होतं, आणि नट पेंटच्या थरांखाली बोल्टाला चिकटून बसला होता.

एव्हाना मुली जमू लागल्या होत्या. तेल लावून चप्प बसवलेल्या वेण्या, इस्त्रीचे गणवेश, हातात पॅड. त्या ओळीने आंब्याखाली उभ्या राहिल्या आणि बसलेल्या चाकाकडे बघत राहिल्या. एखादी रडली असती तर लडकूला बरं वाटलं असतं.

शेजारचा नथू नळयोजनेवर कामाला. तो दीड हात लांबीचा लोखंडी पाइप घेऊन आला.

"दादा, दांड्यात हा पाइप घाल. जोर दुप्पट व्हईल."

जोर झाला दुप्पट, आणि फाकलेलं तोंड दुप्पट जोराने सटकलं. नटाचा दुसरा कोपराही गेला. साडेआठ वाजले. लडकूचं डोकं फिरलं. त्याने छिन्नी आणि हातोडा उचलला.

तेवढ्यात त्याची बायको भागी आडवी आली. "छिन्नी लावू नका. बोल्ट तुटला तर चाक कशानं बांधाल, दाव्यानं? घरात नवा पाना हाय."

लडकूने हातोडा खाली घेतला. पाना होता खरा. भागीच्या भावाने सहा वर्षांपूर्वी आसनगावहून आणलेला, अधिकच्या चिन्हासारखा चार हातांचा, चांदीसारखा लखलखीत. खंडेनवमीला लडकूने तो पूजेत मांडला, हळदकुंकू वाहिलं, आणि मग ग्रीसमध्ये बरबटवायला त्याचा जीव होईना. तेव्हापासून राबायला जुना पाना आणि पूजेला नवा, अशी वाटणी झाली होती. नवा पाना देवांशेजारी झोपून होता.

"तो पूजेचा हाय गो."

"मंग सहा वर्सं बसून खाल्लंय त्यानं. आज कामाला येऊं दे."

तिने आत जाऊन पाना आणला, पदराने कुंकू पुसलं आणि त्याच्या हातात दिला. लडकूने तो कपाळाला लावला आणि सरळ नटावर ठेवायला निघाला. भागीने पुन्हा अडवलं. कोयत्याच्या टोकाने तिने नटाभोवतीचा पेंट खरवडला, चिमणीतलं रॉकेल कडेने सोडलं.

"आता दहा मिन्टं हात लावायचा नाय. मुरूं दे."

ती दहा मिनिटं लडकूने कशी काढली ते त्याचं त्यालाच ठाऊक. मग पाना नटावर बसवला. तो घट्ट बसला, जरासुद्धा हलेना. पान्याच्या डाव्या हातावर नथूने पाइप चढवला. नथू खाली दाबणार, लडकू पान्याचा उजवा हात वर ओढणार.

कट्ट असा आवाज झाला. बोल्ट तुटला असं वाटून लडकूने डोळे मिटले. उघडले तेव्हा नट फिरला होता. पाचवा तर तेवढाही रुसला नाही.

स्टेपनी चढली. नट हाताने लागले, आणि सवयीने लडकूने पान्यावर पाय ठेवला.

"पाय खाली," भागी म्हणाली. "हातानं आवळा. तुमच्या नाचापायीच पोरी खोळंबल्यात."

सहा मुली बघत होत्या. लडकूने पाय खाली घेतला आणि हाताने, एक सोडून एक, पाचही नट आवळले. सव्वानऊला गाडी निघाली. मुरबाडपर्यंत तो रस्ता डोळ्यांनी बघत होता आणि चाक कानांनी ऐकत होता. खाली उतरून बघायला वेळच नव्हता. मागे मुली निबंधाचे मुद्दे घोकत होत्या. आपण काय घेऊन चाललोय, या विचाराने तो एकेक खड्डा चुकवत होता.

सव्वादहाला मुली शाळेच्या फाटकातून आत गेल्या. हर्षालीने मागे वळूनही पाहिलं नाही. लडकू पाना घेऊन उतरला. एकेक नट तपासला. पाचही नट जिथल्या तिथे होते, केसभरही हलले नव्हते.

त्याला इतकं हलकं वाटलं की हसावं की रडावं कळेना. तो सीटवर आडवा झाला.

दोन वाजता मुली बाहेर आल्या. पेपर सोपा गेला होता, सगळ्या एकदम बोलत होत्या. हर्षालीने गाडीत डोकावून पाहिलं आणि बाकीच्यांना गप्प केलं. बाबा झोपला होता. थांबलेल्या गाडीत बाबा झोपलेला तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.